किनाऱ्यावरची चार दिवसांची सुट्टी – तुमचीसुद्धा!

मैत्रिणींनो, सहलीला जायचे ठरले की घरात सगळ्यांत आधी कामाला कोण लागते? अर्थात आपण! लाडू-चिवड्याचे डबे, धाकट्याचे औषध, सासूबाईंची शाल, ह्यांचा दाढीचा डबा. बरे, समुद्रकाठी बंगला भाड्याने घेतला तर तिथेही डाळ-तांदूळ घेऊन आपणच चुलीपाशी. शाळेला सुट्टी, ऑफिसला रजा, आणि आपले लाटणे मात्र चालूच. परत आल्यावर मुले म्हणतात, "काय मज्जा आली!" आणि आपण धुण्याच्या ढिगाकडे बघत राहतो.

म्हणून यंदा मी तुम्हाला अशी सहल सुचवणार आहे, की जिथे ताट वाढून समोर येईल. हॉटेल नव्हे हं! कोकणातल्या एखाद्या वहिनींच्या घरी राहायचे. रत्नागिरी जिल्ह्यात दापोली आणि मंडणगड हे दोन तालुके शेजारीशेजारी आहेत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला झाडीने भरलेले डोंगर, आणि मधल्या पट्टीत नारळी-पोफळीत लपलेली गावे. मुरूड, हर्णै, आंजर्ले, केळशी, वेळास. या गावांत घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारी पुष्कळ कुटुंबे आहेत.

कसे जाल?

कोकण रेल्वेने खेडला उतरावे. तिथून दापोली सुमारे तीस किलोमीटर. एस. टी. मिळते, रिक्षा-जीपही मिळतात. दापोली डोंगरमाथ्यावर असल्यामुळे हवा थंड. 1972 साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ इथलेच. बागेची हौस असेल त्यांनी तिथल्या रोपवाटिकेची चौकशी जरूर करावी. दापोलीहून समुद्राकडे उतरू लागले की रस्ता वळणावळणाचा होतो. गाडी लागणाऱ्यांनी आल्याची वडी किंवा आवळासुपारी जवळ ठेवावी.

पहिला दिवस : आसूद आणि मुरूड

वाटेत आसूदला थांबा. केशवराजाच्या देवळाकडे जायला पोफळीच्या बागांतून खाली उतरायचे, छोट्या नदीवरचा पूल ओलांडायचा आणि मग पायऱ्या चढायच्या. भर दुपारीसुद्धा ऊन्ह जमिनीला लागत नाही इतकी गर्द झाडी. देवळापाशी गोमुखातून पाणी पडते. गुडघे दुखत असतील त्यांनी घाई करू नये, बसत-बसत चढावे. बसण्यासारखीच जागा आहे ती. झाडी जिथे देवाच्या नावाने राखली तिथे झराही राहिला, हे मुलांना पुस्तकातून शिकवण्यापेक्षा इथे दाखवावे. मी शाळेत शिकवते, म्हणून सांगते.

मुक्काम मुरूडला करा. हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. 1893 साली त्यांनी विधवेशी, म्हणजे गोदूबाईंशी, लग्न केले म्हणून याच गावाने त्यांना वाळीत टाकले होते. पुढे 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले, 1958 साली भारतरत्न झाले, आणि आज त्याच गावात त्यांचा पुतळा आहे. आपल्यापैकी कितीजणींच्या पदवीच्या कागदामागे हा माणूस उभा आहे! दोन मिनिटे तिथे जरूर थांबा आणि मुलींना ही गोष्ट सांगा.

दुसरा दिवस : हर्णै

हर्णैचे बंदर म्हणजे मासळीचा मोठा बाजार. होड्या आल्या की किनाऱ्यावर लिलाव चालतो. टोपल्या, बर्फ, ओरडा आणि सगळीकडे कोळणींचे राज्य. भाव फोडण्यात त्यांचा हात धरणारा नाही! शाकाहारी असाल तरी नाकाला पदर लावून एकदा बघाच. एक लक्षात ठेवा, जून आणि जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा लिलावासाठी त्या दिवसांत जाऊ नये.

समोर पाण्यात दिसतो तो सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराशी जोडलेला हा किल्ला 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. होडीने जायचे तर समुद्र शांत असताना, आणि प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट मागूनच होडीत पाय ठेवावा. ते मागण्यात कसला आलाय संकोच?

तिसरा दिवस : आंजर्ले ते केळशी

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती तुम्ही ऐकून असालच. देवळातून खाली पाहिले की माडांचे शेंडे, त्यापलीकडे वाळू आणि त्यापलीकडे पाणी. शेजारच्या मुर्डी गावात 1913 साली कादंबरीकार श्री. ना. पेंडसे जन्मले. 'गारंबीचा बापू' वाचली असेल त्यांना हा सगळा मुलूख ओळखीचा वाटेल. केळशीला महालक्ष्मीचे देऊळ आणि लांबच लांब पुळण. खाडीच्या काठाला चिखलात मुळ्या रोवून उभी असलेली झाडे दिसतील, ती कांदळवने. दिसायला खुरटी, पण मासळीची पिल्ले तिथेच वाढतात आणि वादळात किनारा तीच सावरून धरतात.

चौथा दिवस : वेळास

नाना फडणवीसांचे हे मूळ गाव. पण हल्ली ते कासवांसाठी ओळखले जाते. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री वाळूत येतात, खड्डा करून शंभरएक अंडी घालतात आणि तो बुजवून निघून जातात. बाळंतपण उरकले की मागे वळून पाहणे नाही! पूर्वी ही अंडी माणसे आणि कोल्हे-कुत्री उकरून नेत. 2002 सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. अंडी हलक्या हाताने काढून कुंपणाच्या आत तितक्याच खोल पुरतात. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले वर येतात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सकाळी आणि संध्याकाळी ती समुद्रात सोडताना पाहता येतात. पिल्ले रोज निघतीलच असे नाही, मुलांना आधीच सांगून ठेवा. हात लावायचा नाही, दिव्याचा झोत टाकायचा नाही आणि पिल्लू आणि समुद्र यांच्यामध्ये उभे राहायचे नाही. तळहाताएवढासुद्धा नसलेला तो जीव लाटेकडे धावतो ना, तेव्हा आपल्या सगळ्यांचीच बोलती बंद होते.

भरती-ओहोटी भिंतीवरच्या कॅलेंडरावरून

समुद्रात उतरण्यापूर्वी तिथी पाहा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ अंदाजाने निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. अशी भरती दिवसातून दोनदा, आणि तिच्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-एक तासाचा फरक पडतो, म्हणून गावातल्या माणसाला विचारावेच. ओहोटीचे पाणी आत ओढते. तेव्हा मुलांना घोट्यापलीकडे जाऊ देऊ नये. ह्यांनाही नाही, कितीही पोहता येत असले तरी! गाडी पुळणीवर नेऊ नये. चाके रुततात, भरती कोणासाठी थांबत नाही, आणि कासवांची घरटी चिरडतात ती वेगळीच.

आता थोडे त्या घरच्या वहिनींबद्दल

आपल्याला चार दिवस सुट्टी मिळते ती दुसऱ्या एका गृहिणीच्या कामावर, हे विसरून चालणार नाही. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने या पट्टीतल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची झाडे एका दिवसात गेली. पोफळ नव्याने लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षे जातात. मधल्या वर्षांत पाहुण्यांच्या ताटांवर कितीतरी घरांचा खर्च भागला. तेव्हा जेवणाच्या दरात घासाघीस नको. मोदक उकडायला, सोलकढीचा नारळ खवायला किती हात लागतो हे आपल्याला कोणी सांगायला हवे का?

चार गोष्टी पाळा. किती माणसे, कोण पथ्याचे, कोण उपवासाचे, हे आदल्या दिवशी कळवा. दहाची आमटी बाराजणांत वाढायची वेळ कोणावर येऊ नये. एप्रिल-मेमध्ये विहिरी खोल जातात, तेव्हा समुद्रावरून आल्यावर वाळू अंगणातच झाडा आणि एका बादलीत आंघोळ उरका. प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या, बाळाचे लंगोट, आपले पाळीचे पॅड, हे सगळे कागदात गुंडाळून परत न्या. बऱ्याच गावांत घंटागाडी येत नाही, आणि मागे राहिलेला कचरा शेवटी त्या वहिनींनाच आवरावा लागतो. चौथी गोष्ट म्हणजे जेवून झाल्यावर "छान झालं होतं हं" एवढे तोंडभरून म्हणा. आपण वर्षभर ते ऐकायला आसुसलेल्या असतो, त्या नसतील का?

काय न्याल, काय आणाल?

सुती कपडे, लवकर वाळतील अशा साड्या किंवा पंजाबी ड्रेस, टोपी, घट्ट पट्ट्याच्या चपला, टॉर्च, नेहमीची औषधे आणि सुटे पैसे. खाऊचा डबा एकच पुरे! येताना आमसुले घ्या. ती मऊ, काळपट लाल आणि बोटाला फार ओली न लागणारी निवडावी. फणसाचे साठ, कुळथाचे पीठ, कोकम सरबत हेसुद्धा शक्यतो घरगुती करणाऱ्या बायकांकडूनच घ्यावे.

आणि हो, निघण्यापूर्वी घरात सगळ्यांना एकत्र बसवून एक गोष्ट ठरवून घ्या. प्रत्येकाने आपली पिशवी आपण भरायची आणि परतल्यावर आपले कपडे आपणच धुवायला टाकायचे. मुलांनी आणि त्यांच्या वडिलांनीही! एवढे साधले, तर ती चार दिवसांची सुट्टी घरी पोहोचल्यावर पाचव्या दिवशीसुद्धा टिकेल.