येडशीच्या गच्चीवरून ७३

विश्व किती वेगानं पसरतंय हे ज्या जातीच्या ताऱ्यांवरून मोजतात, त्यातला एक तारा येडशीतले एक निवृत्त गुरुजी नुसत्या डोळ्यांनी मोजतात असं कळलं आणि मी गेलो. दसरा होऊन गेला होता, सोयाबीनच्या मळण्या जोरात होत्या. गच्चीवर चढलो तरी भुसकटाचा वास पाठ सोडत नव्हता.

धाराशिवचा उजेड पाठीमागे राहिला. समोर ध्रुव जेमतेम १८ अंशांवर, त्याच्या बऱ्याच वर वृषपर्वा तारकासमूह आणि त्यात गुरुजींचा तारा, डेल्टा सेफी. हा तारा मंद-ठळक होतो हे १७८४मध्ये जॉन गुडरिकनं टिपलं.

डेल्टाच्या शेजारी झीटा आणि एप्सिलॉन हे दोन तारे आहेत. पहिल्याची प्रत, म्हणजे दिसणाऱ्या तेजाचा आकडा, ३.४, दुसऱ्याची ४.२. डेल्टा या दोघांच्या मध्ये कुठं बसतो, एवढंच गुरुजी ठरवतात. "मळणीचा धुरळा तिघांवर सारखाच असतो, म्हणून शेजाऱ्याशीच ताडायचं." मग लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात तारीख, वेळ, प्रत. त्या रात्री त्यांनी ३.८ लिहिलं. मी आदल्या रात्रीचा आकडा विचारला, तर त्यांनी पानावर तळहात ठेवला. "आधी आजचं लिहू द्या. मागचं बघितलं की डोळा तेच बघतो."

तो तळहात माझ्या डोक्यातून जात नाही. शास्त्रज्ञांचे मोठमोठे गटही आता काही मोजमापांत शेवटचा आकडा स्वतःपासून झाकून ठेवतात, ते याच भीतीनं.

"५ दिवस, पावणेनऊ तास," गुरुजी म्हणाले. एवढ्या वेळात डेल्टाचा एक फेरा पुरा होतो. चढतो झपाट्यानं, उतरतो सावकाश. असा फेरा जितका लांब, तितका तारा मुळात जास्त तेजस्वी, हे हेन्रिएटा लेविटनं १९१२मध्ये दाखवलं. मूळ तेज कळलं आणि दिसणारं तेज मोजलं की अंतर निघतं. जवळच्या अशा ताऱ्यांची अंतरं आधी थेट मोजायची, त्यांच्या आधारानं शेजारच्या दीर्घिका, तिथल्या स्फोटक ताऱ्यांच्या आधारानं फार दूरच्या. ॲडम रीस यांच्या गटानं या वाटेनं २०२२मध्ये आकडा दिला: ७३. म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षं दूरची दीर्घिका सेकंदाला ७३ किलोमीटर वेगानं लांब जाते.

दुसरी वाट वेगळी आहे. प्लांक उपग्रहानं विश्वाच्या बालपणीचा, साधारण ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचा प्रकाश तपासला. त्यावरून २०१८मध्ये आलेला आकडा ६७.४. तो आजचा वेग थेट मोजत नाही. तेव्हाच्या स्थितीवरून, प्रचलित सिद्धान्त धरून, आज किती असावा ते सांगतो. दोन्ही गटांनी सांगितलेली चूक फार तर एका किलोमीटरच्या आसपास. मग सहाचा फरक आला कुठून?

आपल्याकडं बांधाच्या भांडणात दोन मोजण्या जुळल्या नाहीत की पंच निम्म्यावर मिटवतात. इथं ७० धरून मिटवता येणार नाही, कारण त्यानं कुणाची चूक ते कळतच नाही. शेजारच्या दीर्घिकांतल्या डेल्टासारख्या ताऱ्यांत आजूबाजूच्या ताऱ्यांचा उजेड मिसळून ७३ची मोजणी फसत असेल, अशी शंका होती. जेम्स वेब दुर्बिणीनं तेच तारे सुटे करून पाहिले आणि हबल दुर्बिणीची आधीची मापं बरोबर निघाली. वेंडी फ्रीडमन यांच्या गटाचा आकडा मात्र ७०च्या आसपास येतो, त्यामुळं वाद मिटलेला नाही. तरी माझा कल ७३कडं आहे. ज्या मोजणीची एकेक पायरी इतक्या जणांनी ठोकून पाहिली, तिला आधी मान द्यावा.

तिसरी वाट मराठवाड्यातूनच जाणार आहे. १७ ऑगस्ट २०१७ला टिपलेल्या गुरुत्वीय लहरींवरून, ताऱ्यांच्या पायऱ्या न चढता, ७० आला. पण त्याची चूक एवढी मोठी की ६७ आणि ७३ दोन्ही त्यात मावतात. अशा लहरी भरपूर टिपल्या तर ती चूक आक्रसेल. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा त्यासाठीही हवी आहे. केंद्रानं २०२३मध्ये तिला २,६०० कोटी मंजूर केले.

ती उभी राहीपर्यंत थांबायचं कारण नाही. ऑक्टोबरअखेर रात्री आठच्या सुमारास उत्तरेला, शर्मिष्ठेच्या डावीकडं वृषपर्वा शोधा. डेल्टाची प्रत लिहा, आणि लिहून होईपर्यंत मागचं पान झाकून ठेवा.