घारापुरी : चला बेटावर!

बालमित्रांनो, चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेल्या जमिनीला बेट म्हणतात, हे तुम्ही भूगोलात पाठ केलंय. पण त्या बेटावर राहणारी मुलं शाळेतून घरी आल्यावर काय करतात? त्यांच्या घरी लाईट कुठून येते? प्यायचं पाणी कुठून येतं? हे काही पुस्तकात नसतं. त्यासाठी बेटावरच जायला हवं.

भोकरहून नंदीग्राम एक्स्प्रेसनं मुंबई गाठली की सुट्टीच्या दोन दिवसांतला एक दिवस घारापुरीसाठी ठेवा. गेटवे ऑफ इंडियापासून बोट निघते आणि तासाभरात आपण रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात पोचतो! धक्क्यावरून छोटी झुकझुक गाडी, मग सुमारे १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना टोप्या, माळा, काकड्या विकणारी दुकानं. हातातला खाऊ मात्र सांभाळा. इथली माकडं फार चलाख!

वर डोंगरात कोरलेली लेणी. सुमारे वीस फूट उंच तीनमुखी शिवमूर्तीपुढं उभं राहिलं की बोलणंच थांबतं. १९८७ साली ही लेणी जागतिक वारसा ठरली. बेटावर पूर्वी दगडी हत्ती होता, म्हणून पोर्तुगीजांनी नाव ठेवलं एलिफंटा. तो हत्ती आता मुंबईत भायखळ्याला आहे.

बहुतेक पाहुणे लेणी बघून परत फिरतात. पण शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन गावांतली माणसं इथंच राहतात. त्यांचा दिवस बोटीबरोबर उगवतो. पाहुणे आले की दुकानं उघडतात, संध्याकाळची शेवटची बोट गेली की बेट शांत. पर्यटकांना रात्री मुक्कामाची परवानगी नाही. किराणा, औषधं, गॅसची टाकी, सगळं पाण्यावरून यायचं. मोठ्या शाळेत जायचं तरी बोट. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद!

आणि लाईट? देश स्वतंत्र होऊन सत्तर वर्षं झाली तरी इथं कायमची वीज नव्हती. संध्याकाळी तीन-साडेतीन तास जनरेटर चालायचा. तो बंद झाला की अंधार. समोर मुंबई मात्र रात्रभर झगमगत असायची. अभ्यास करणाऱ्या मुलांना काय वाटत असेल, विचार करा बरं! शेवटी समुद्राखालून साडेसात किलोमीटर लांब तार टाकली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तिन्ही गावांत वीज आली.

आता पाणी. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, सगळीकडं समुद्रच आहे की!" पण समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. ते प्यायलं तर मीठ बाहेर टाकायला शरीरातलंच पाणी खर्च होतं आणि तहान आणखी वाढते. म्हणून पावसाचं पाणी साठवायचं. लेणी कोरणाऱ्यांनीसुद्धा खडकात पाण्याची टाकी खोदून ठेवली आहेत. आपल्या मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपल्याकडं समुद्र नाही, त्यांच्याकडं आहे. तहान मात्र सारखीच.

पालकांसाठी दोन गोष्टी. सोमवारी लेणी बंद असतात. आणि बोटीत मुलांना जीवरक्षक जाकीट घालाच. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरच्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. उकडतं म्हणून जाकीट काढू नका.

मुलांनो, आता एक गंमत करा. आज दिवसभरात तुमच्या घरात बाहेरून काय काय आलं, त्याची यादी लिहा. दूध, भाजी, वही, पाण्याचा टँकर... तुमचं गाव बेट असतं, तर यातलं काय काय बोटीनं आणावं लागलं असतं? आणि पावसाळ्यात चार दिवस बोटच आली नाही, तर सगळ्यात आधी काय संपलं असतं?