पडद्यामागचे पाणी
डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, मधुमेहामुळे घरोघरी माहीत झाला असला, तरी त्याच्या पाठीशी असलेला कोरॉइड अथवा रंजितपटल हा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा रक्तवाहिन्यांचा थर सहसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. वास्तविक बारीक अक्षर वाचणाऱ्या पडद्याच्या मध्यबिंदूला स्वतःच्या केशवाहिन्या नसल्याने तो सर्वस्वी याच थरावर पोसला जातो.

या थरातील वाहिन्या फुगून पाझरू लागल्या आणि मधल्या पेशींच्या एकेरी रांगेला तो पाझर अडवता आला नाही, की पडद्याखाली पाणी साचते. सेंट्रल सीरस कोरिओरेटिनोपथी या नावाचा हा विकार मुख्यतः ३० ते ५० वयाच्या पुरुषांना होतो. पहाटे उठून बोरीवलीहून चर्चगेट लोकल पकडणाऱ्याला इंडिकेटरच्या मधोमध करडा डाग दिसतो, एक डोळा झाकल्यास खिडकीच्या ग्रिलचे सरळ गज मध्येच वाकलेले भासतात. मात्र डोळा दुखत नाही, लाल होत नाही आणि दुसरा डोळा उणीव भरून काढतो, त्यामुळे तपासणी आठवडेच्या आठवडे लांबते. ताण आणि अपुरी झोप यांच्याशी या विकाराचा संबंध जोडला जातो, पण त्याहून पक्का संबंध स्टेरॉइडशी आहे, मग ते गोळीतून गेलेले असो, दम्याच्या फवाऱ्यातून वा त्वचेच्या मलमातून. अशी अनेक मलमे २०१८ मध्ये केंद्र सरकारने चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही मलम हे औषध आहे असे रुग्णाला वाटतच नसल्याने डॉक्टरांनी विचारूनही ते सांगायचे राहते. स्टेरॉइड बंद करता आले, तर पाणी बहुधा तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते, परंतु ते बंद करणे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे लागते.

पंचाईत अशी, की याच कोरॉइडला सूज आणणाऱ्या हाराडा रोगातही पडद्याखाली पाणीच साचते आणि तिथे मोठ्या मात्रेचे स्टेरॉइड तातडीने द्यावे लागते. म्हणून पडद्याचे थर उलगडून दाखवणारा ओसीटी स्कॅन आणि रंगद्रव्य टोचून काढलेली छायाचित्रे यांचा खर्च इथे वायफळ नसतो. शिवडीला क्षयरोगाचे स्वतंत्र महापालिका रुग्णालय असलेल्या मुंबईत तिसरी शक्यताही धरावी लागते, ती कोरॉइडच्या क्षयाची, जिच्यात खोकला नसतानाही पिवळसर चट्टे कडेकडेने सरकत मध्यबिंदूकडे येतात. अशा वेळी क्षयाच्या औषधांच्या आधाराविना दिलेले स्टेरॉइड रोगाला मोकळे रान देते, आणि औषधे सुरू केल्यावरही पहिल्या काही आठवड्यांत चट्टे वाढलेले दिसू शकतात, तेव्हा गोळ्या लागू पडत नाहीत असे समजून त्या सोडून देणारे रुग्ण नजर गमावून बसतात.