मैत्री वेगळी, न्याय वेगळा

अब्राहम लिंकन यांचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण त्यांना अध्यक्षपदापर्यंत पोचवणारे डेव्हिड डेव्हिस सहसा कुणाला आठवत नाहीत.

१८१५ साली मेरीलंडमध्ये जन्मलेले डेव्हिस वकील होऊन इलिनॉय राज्यातील ब्लूमिंग्टन गावी स्थायिक झाले. राज्याच्या विधिमंडळात एक मुदत काढल्यावर १८४८ मध्ये ते न्यायाधीश झाले. त्या काळी तिथले न्यायालयच गावोगाव फिरत असे. चिखल तुडवत न्यायाधीश आणि वकील एकत्र प्रवास करीत, रात्री एकाच खानावळीत उतरत. तीनशे पौंड वजनाचे डेव्हिस आणि उंच, सडपातळ लिंकन यांची मैत्री जमली ती याच फिरस्तीत. पुढे १८६० मध्ये शिकागोच्या अधिवेशनात लिंकन यांना रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मिळाली, त्यामागची सूत्रे डेव्हिस यांनी हलवली होती. १८६२ मध्ये लिंकन यांनी मित्राला सर्वोच्च न्यायालयावर नेमले.

खरी कसोटी पुढेच होती. यादवी युद्ध चालू असताना, १८६४ मध्ये, सरकारविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून इंडियाना राज्यातील लॅम्बडिन मिलिगन या वकिलाला लष्करी न्यायाधिकरणाने फाशी सुनावली. तो सैनिक नव्हता आणि तिथली नेहमीची न्यायालये सुरळीत चालू होती. पुढच्याच वर्षी लिंकन यांची हत्या झाली. त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्याची जबाबदारी डेव्हिस यांच्यावरच आली. अशा माणसाने दिवंगत मित्राच्या सरकारची पाठराखण केली असती, तर कुणाला नवल वाटले नसते.

परंतु १८६६ च्या निकालपत्रात डेव्हिस यांनी निःसंदिग्ध लिहिले, की दिवाणी-फौजदारी न्यायालये उघडी असताना सामान्य नागरिकावर लष्करी खटला चालवता येत नाही. राज्यघटना शांततेत जेवढी बांधील, तेवढीच युद्धातही. मिलिगनची फाशी आधीच जन्मठेपेवर आली होती. आता तो सुटला.

या निःपक्षपातीपणाची ख्याती एवढी, की १८७७ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा वाद सोडवणाऱ्या पंधरा जणांच्या आयोगात पंधरावे म्हणून डेव्हिस यांनी यावे, अशी अपेक्षा होती. नेमके तेव्हाच इलिनॉयच्या विधिमंडळाने त्यांना सिनेटवर निवडून दिले आणि ते बाजूला झाले. त्यांच्या जागी जोसेफ ब्रॅडली आले आणि निर्णय आठ विरुद्ध सात असा, पक्षापक्षाने लागला.

१८८६ मध्ये डेव्हिस ब्लूमिंग्टनमध्येच वारले. सत्तेवर आपलाच माणूस असतो, तेव्हा कायद्याला मुरड घालण्याचा मोह सर्वांत मोठा असतो. डेव्हिस यांनी तो टाळला, म्हणून त्यांची आठवण ठेवायची.