काटा खरे बोलतो का?



गेल्या वर्षी आमच्या मुलाला गाडी चालवण्याचा परवाना मिळाला. तेव्हा त्याच्या काकांनी त्याला एक धडा दिला. “अरे, काटा नेहमी चार-पाच जास्तच दाखवतो. ८० ची पाटी असेल तर ८५ वर खुशाल जा.” मुलगा रोज वाक्वाहून पोर्ट लुईला कामावर जातो, पावसात आणि अंधारातसुद्धा. मला तो धडा पटेना. शेवटी एका रविवारी सकाळी वही-पेन्सिल घेऊन मी त्याच्या शेजारी गाडीत बसले.

काकांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम अनेक देशांत पाळला जातो. त्याप्रमाणे काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये. जास्त दाखवला तर चालतो, पण खऱ्या वेगाचे दहा टक्के आणि वर ४ किलोमीटर, एवढाच. म्हणजे खरा वेग ८० असेल तर काटा ८० ते ९२ च्या मध्ये हवा. म्हणूनच कारखाने काटा जरा पुढे ठेवतात.

पण हा काटा चालतो कसा? गाडीला रस्ता दिसत नाही. ती फक्त चाकांचे फेरे मोजते. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात एक तार फिरते, तारेबरोबर लोहचुंबक फिरते आणि ते जवळची अॅल्युमिनियमची वाटी ओढते. वाटीला स्प्रिंग अडवते, आणि जिथे ओढ व अडवणूक सारखी होते तिथे काटा थांबतो. आजच्या गाड्यांत तारेऐवजी विजेचे ठोके मोजतात. दोन्हींत एक गोष्ट आधीच धरलेली असते, ती म्हणजे चाकाचा घेर. घेर बदलला की हिशेब चुकला.

आमच्या गाडीचे मूळ टायर १८५/६५ आर १५ मापाचे. त्याचा व्यास सुमारे ६२२ मिलिमीटर. मागे टायर बदलताना गॅरेजात २०५/६५ आर १५ बसवले होते. व्यास झाला सुमारे ६४८. दिसायला फरक बोटभर, पण चाक एका फेऱ्यात चार टक्के जास्त रस्ता कापते आणि काट्याला ते कळत नाही. उलट, टायर झिजला की घेर कमी होतो आणि काटा थोडा जास्त दाखवतो.

आम्ही तपासले ते असे. आधी थंड टायरांत बरोबर हवा भरली. मग सरळ, सपाट, मोकळा रस्ता निवडला. फोनवर जीपीएसचा वेग माझ्या हातात. चालवणाऱ्याने फोनकडे पाहायचे नाही, हा पहिला नियम. काटा ५०, ६० आणि ८० वर पंधरा-वीस सेकंद स्थिर ठेवला, कारण जीपीएस थोडा उशिराने सांगतो. प्रत्येक वेग तीनदा लिहिला.

फोन नसेल तर नकाशावर मोजलेला एक किलोमीटर घ्या. स्थिर वेगाने तो कापायला लागलेले सेकंद शेजारी बसलेल्याने मोजावेत आणि ३६०० ला त्या संख्येने भागावे. ६० सेकंद लागले तर वेग ६०, ४५ लागले तर ८०.

काटा ८० वर असताना फोनही ८० च दाखवत होता! काकांचे चार-पाच किलोमीटर मोठ्या टायरांनी केव्हाच खाऊन टाकले होते. म्हणजे मुलगा ८५ वर जात होता तेव्हा तो खरोखरच ८५ वर होता. ब्रेक लावल्यावर थांबायचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. ८० चे ८५ झाले की ते सुमारे १३ टक्क्यांनी वाढते. ओल्या रस्त्यावर पुढे कोणी आडवे आले, तर तेवढ्या अंतराने जीव जाऊ शकतो.

वाचकहो, काट्याशी स्वतः खटपट करू नका. दाराजवळच्या चिठ्ठीवर गाडीचे योग्य टायर लिहिलेले असतात, तेच बसवा. काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवत असेल तर गाडी मेकॅनिककडे न्या. आणि दुसऱ्याच्या गाडीचा अनुभव आपल्या गाडीला लावू नका.

पुढच्या रविवारी काका जेवायला आले. मुलाने त्यांच्यासमोर वही ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि मग मला म्हणाले, “वहिनी, जेवण झाल्यावर माझीही गाडी तपासूया.”