ऑरीन: काचेवरचा मुलामा

दिवाळी अंकासाठी काचकलेवर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा आधी डोळ्यांपुढे आला तो न्यूयॉर्कचा लुई टिफनी आणि त्याची झळाळती ‘फावरील’ काच. पण वाचता वाचता जीव गुंतला तो फ्रेडरिक कार्डरमध्ये. इंग्लंडच्या काचधंद्यात तयार झालेला हा माणूस 1903 मध्ये अमेरिकेत कॉर्निंग गावी आला. टॉमस हॉक्सच्या भागीदारीत त्याने स्टूबेन कारखाना काढला आणि पुढच्याच वर्षी सोनेरी ‘ऑरीन’ काच बाजारात आणली. कोबाल्ट घातलेली निळी ऑरीन त्यानंतरची.

ऑरीनच्या फुलदाण्यांची झळाळी काचेच्या अंगात नसते, कातडीवर असते. वितळलेल्या काचेत चांदीचा क्षार मिसळलेला असतो. फुंकणीवर घेतलेला गोळा कारागीर फुंकत, फिरवत आकाराला आणतो. मग कमी हवेच्या धुरकट ज्वाळेत भांडं धरलं की चांदी पृष्ठभागावर उमटते. काच तापलेली असतानाच तिच्यावर कथिलाच्या क्लोराइडचा फवारा मारायचा. त्याचा थर इतका पातळ बसतो की थराच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि रंग दिसतात, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे.

मला सगळ्यात मोह पडला तो काठाचा. फवाऱ्यानंतर भांड्याचं तोंड पुन्हा तापवून पसरवलं, तर काच ताणली जाते, पण वरचा थर तिच्याबरोबर ताणत नाही. तो बारीक बारीक तडकतो आणि काठाला रेशमी, मंद चमक येते. न ताणलेलं पोट मात्र आरशासारखं लखलखतं. कारागिराने काच कधी आणि किती ओढली, हे अशा भांड्यावर कायमचं वाचता येतं.

हे साधणं फार अवघड. लाल तापलेल्या काचेवर खरा रंग नीट दिसत नाही, म्हणून हात अंदाजाने चालवावा लागतो. फवाऱ्यातून निघणारी आम्लाची वाफ छातीत जाते. एवढं करून भांडं मंद भट्टीत सावकाश निववलं नाही, तर आतल्या ताणाने फुटतं. बाहेरचीही संकटं होतीच. 1913 मध्ये टिफनीने नक्कल केल्याचा दावा लावला, पण तो पुढे मागे घेतला गेला. महायुद्धात कच्चा माल मिळेना, तेव्हा 1918 मध्ये कारखाना कॉर्निंग ग्लास वर्क्सकडे गेला. 1932 मध्ये कार्डरकडून कारभार काढून घेण्यात आला आणि नव्या व्यवस्थापनाने रंगीत काच सोडून बिनरंगी स्फटिककाच धरली. धंद्याचा हिशेब असेल, पण हातात बसलेली अशी विद्या सोडून देणं मला चुकीचंच वाटतं. कार्डर मात्र नव्वदी उलटल्यावरही काचेत काम करत राहिला. 1963 मध्ये, वयाची शंभर वर्षं पूर्ण करून, तो गेला. कॉर्निंगच्या काच संग्रहालयात त्याच्या कामाचं स्वतंत्र दालन आहे. तिकडे जाणं झालं, तर फुलदाण्यांचे काठ जवळून बघा.