आभासी सहल व सागरी जीवसृष्टीचे शालेय अध्यापन

प्रस्तावना
अन्नसाखळी, अनुकूलन व परिसंस्था हे घटक शिकविताना तळे, शेत किंवा माळरान यांची उदाहरणे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता येतात. सागर मात्र विदर्भ-मराठवाड्यातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने बहुधा पुस्तकातील चित्रापुरताच उरतो. किनाऱ्यावरील विद्यार्थ्यालाही लाटांखालचे जग दिसत नाही. ही उणीव आभासी सहलीने कितपत भरून निघते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी
१९८५ मध्ये ‘टायटॅनिक’चे अवशेष सापडल्यानंतर सागरसंशोधक रॉबर्ट बॅलार्ड यांना शालेय विद्यार्थ्यांची हजारो पत्रे आली. त्यातून १९८९ मध्ये ‘जेसन प्रकल्प’ सुरू झाला. भूमध्य समुद्राच्या तळाची दृश्ये उपग्रहामार्फत दूरच्या संग्रहालयांत जमलेल्या विद्यार्थ्यांपर्यंत थेट पोहोचविण्यात आली. बॅलार्ड यांनीच २००८ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेच्या ‘नॉटिलस’ जहाजावरून पुढे अशी दृश्ये आंतरजालावर येऊ लागली. वर्गात बसून संशोधकांना प्रश्न विचारणेही त्यामुळे शक्य झाले.

चित्रफीत व सहल यांतील भेद
चित्रफितीत उत्तर आधीच ठरलेले असते. थेट सहलीत प्रकाशझोतात पुढे काय येईल, हे संशोधकालाही ठाऊक नसते. १९७७ मध्ये गॅलापॅगोसजवळ सुमारे २,५०० मीटर खोलीवर उष्ण जलाचे झरे व त्यांभोवती प्राण्यांची दाट वस्ती आढळली, तेव्हा त्या मोहिमेत एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. सूर्यप्रकाश तेथे पोहोचत नाही. हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळविणारे जीवाणू हा तेथील अन्नसाखळीचा पाया होय. प्रौढ नळीकृमीला तोंड वा आतडे नसते. शरीरातील जीवाणूच त्याचे पोषण करतात. अशा परिसंस्थेचे दृश्य दाखवून शिक्षकाने प्रथम एवढेच विचारावे : “येथे प्रकाश नाही, मग अन्न कोठून येते?” स्पष्टीकरण त्यानंतर यावे.

अध्यापनपद्धती व मर्यादा
सहलीपूर्वी प्रत्येक गटाने आपला अंदाज लिहावा. सहलीदरम्यान खोली, तापमान व दिसलेले प्राणी यांची नोंद ठेवावी. नंतर सागरतळाच्या अन्नसाखळीची आकृती काढून ती गावच्या तळ्यातील अन्नसाखळीशी ताडून पाहावी.
स्पर्श, गंध व पाण्याचा दाब यांचा अनुभव पडद्यावरून मिळत नाही. परदेशी मोहिमांची वेळ भारतीय शाळांच्या वेळेशी जुळतेच असे नाही आणि निवेदन इंग्रजीत असते. अशा वेळी ध्वनिचित्रमुद्रण मध्येमध्ये थांबवून मराठीतून प्रश्न विचारणे अधिक उपयुक्त ठरते.

निष्कर्ष
विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर, अरबी समुद्रात, आंग्रिया बँकेची प्रवाळभित्ती आहे. महाराष्ट्रातील शालेय विद्यार्थ्याला तेथे नेणे जवळजवळ अशक्य आहे. तिच्या रक्षणाविषयी उद्या मत देणारा नागरिक मात्र तोच आहे. म्हणून आभासी सहल ही करमणुकीची तासिका न राहता निरीक्षणाचा पाठ व्हावी, आणि असा पाठ आखण्याचा सराव अध्यापक महाविद्यालयांनी भावी शिक्षकांकडून करून घ्यावा, हे अगत्याचे आहे.